लायब्ररी विसरा, म्हणे!

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'पीएचडीवाल्यांनो, लायब्ररी विसरा. एआय दहा मिनिटांत संदर्भांसकट लिटरेचर रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा) देतं, प्लेजरिझम (उचलेगिरी) शून्य, आणि मजकूर, चित्रं सगळं तुमच्या मालकीचं!' आमच्या ग्रुपवर तो तीनदा आला. एकदा तर एका गाइडनेच टाकला.

'संदर्भांसकट' हा शब्द आधी घेऊ. पेशवाईतल्या जकातीवर काम करणारी एक विद्यार्थिनी अशीच यादी घेऊन माझ्याकडे आली. अकरा नोंदी, एकदम नेटक्या. पाचवी नोंद इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'ची: खंड 27, वर पत्राचा क्रमांकही. राजवाड्यांचे खंड आहेत 22. यात यंत्राची लबाडी नाही. पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज ते बांधतं, आणि 'खंड'पुढे आकडा शोभतोच. 2023 साली न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात असेच मुळात नसलेले निवाडे कोर्टात दिले आणि 5,000 डॉलर दंड भरला. त्यातल्या एकाने हे निवाडे खरे आहेत का, हेही चॅटजीपीटीलाच विचारलं होतं!

बरं, यंत्र जे खरोखर वाचतं ते तरी धड असतं का? 1959 च्या एका शोधनिबंधाचं पान दोन रकान्यांचं होतं. स्कॅन करताना डावीकडचा 'व्हेजिटेटिव्ह' उजवीकडच्या 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'ला चिकटला. असं काही तंत्र जगात नाही, पण अलीकडच्या कित्येक निबंधांत ते आढळलं, आणि चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेलंही ते सुखेनैव लिहू लागली. हे छापील इंग्रजीचं झालं. पुण्याच्या पुरालेखागारातले मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडवून कोण वाचणार?

'प्लेजरिझम शून्य' हे खरं असू शकतं, तीच तर गोम आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून सगळे त्या आकड्यामागे. सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर मोजतं. नसलेला खंड 27 कशाशी जुळणार? एआयचा मजकूर पकडणंही अवघड आहे, हे मान्य. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचं स्वतःचं ओळखयंत्र एआयचा जेमतेम 26 टक्के मजकूर पकडायचं आणि माणसांनी लिहिलेला 9 टक्के मजकूर यंत्राच्या नावावर घालायचं. जुलै 2023 मध्ये त्यांनी ते गुंडाळलं. पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर बहिःस्थ परीक्षक असतात. 'ते पत्र दाखवा' म्हणाले की संपलं.

मालकीचं थोडक्यात. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये एका चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, एआयने काढलेली चित्रं नाही. आपल्या 1957 च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. आता ती यंत्राला दोन ओळींचा प्रॉम्प्ट (सूचना) देणारी की आणखी कोणी, यावर वकिलांची चांगली सोय होणार आहे.

मीही एआय वापरतो. जर्मन लेख वाचण्याजोगा आहे का हे चाचपायला, माझी लांबलेली वाक्यं तोडायला. राहता राहिली ती दहा मिनिटं. त्या अकरा नोंदी तपासायला आम्हा दोघांना लायब्ररीत अडीच दिवस लागले. सापडल्या चार.