टॅग दिसला पाहिजे

आमच्या टाउनहाउसला दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि त्यात गाड्या सोडून सगळं आहे. भारतवारीच्या बॅगा, कॉस्टकोतून आणलेले टिश्यूचे गठ्ठे, मुलीची चाकं गळालेली सायकल, गणपतीचं मखर, आणि 'पुढच्या वेळी पुण्याला न्यायचं' म्हणून चार वर्षं तिथंच बसलेलं सामान. वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचा नियम असा, की गॅरेजात गाडी मावलीच पाहिजे. म्हणून एक गाडी आम्ही आत कोंबतो आणि पोट आत घेऊन उतरतो. दुसरी ड्राइव्हवेवर. ड्राइव्हवे इतका आखूड, की गाडीचं नाक दाराला टेकवलं तरच शेपूट पदपथावर येत नाही. शेपूट आली की पत्र येतं.

हे झालं घरच्यांचं. पाहुण्यांसाठी दर घरामागे एक टॅग. तो आरशाला लटकवायचा, तोही बाहेरून आकडा वाचता येईल असा. रात्री दहा ते सकाळी सहा टॅगविना गाडी दिसली तर उचलतात. हरवला तर नव्या टॅगला एवढे पैसे पडतात, की आमच्याकडे तो पासपोर्टच्या शेजारी ठेवलेला असतो.

आम्ही राहतो अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात, अ‍ॅशबर्नला. चाळीस हजारांवर वस्ती, मेट्रोचं स्टेशन, गल्लोगल्ली इडली-डोसा. पण कागदोपत्री हे शहरच नाही. महापौर नाही, नगरपालिका नाही, नगरसेवक तर नाहीच. पोस्टाने पत्त्यात एक नाव घातलं आणि आम्ही सगळे त्या नावात राहायला आलो. शेजारच्या लीझबर्गला सगळं आहे. आम्हाला थेट लाउडन काउंटी, म्हणजे जिल्हाच. जगातली डेटा सेंटर्सची सगळ्यात मोठी दाटी आमच्याकडे. साऱ्या दुनियेचे फोटो, मेल आणि लग्नाचे व्हिडिओ इथे बिनबोभाट मुक्कामाला असतात. शेजारच्या मेरीलँड राज्यातून आलेल्या मित्राची कॅमरी गाडी मात्र एक रात्र राहू शकत नाही.

ही कॅमरी आली गणपतीच्या शनिवारी. आमच्याकडे त्या दिवशी दर्शनाला किती माणसं येणार याचा अंदाज बायको मोदकांवरून बांधते आणि मी गाड्यांवरून, आणि दोघांचाही चुकतो. व्हिजिटर जागा कोपऱ्यावर मोजून तीन. बाकीच्यांना पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर पाठवायचं. तो रस्ता राज्याचा, तिथं असोसिएशनचं काही चालत नाही. तिथं चालतो राज्याचा कायदा. फायर हायड्रंटपासून पंधरा फूट आणि चौकापासून वीस फूट लांब. त्यामुळे संध्याकाळभर आमच्या सासऱ्यांनी गाड्या लावून घेतल्या. रेशमी सदरा, हातात टेप. "मागे घ्या, अजून घ्या, आता साडेचौदा आहेत, अर्ध्या फुटासाठी विषाची परीक्षा नको." सासरे जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले आहेत. सहा महिन्यांच्या मुक्कामात पहिल्यांदाच ते खुशीत दिसले.

मेरीलँडचा मित्र मुक्कामाला राहणार होता, म्हणून त्याची गाडी गल्लीतल्या व्हिजिटर जागेत लावली आणि आमचा मौल्यवान टॅग त्याला दिला. त्याने तो आरशाला लटकवला. पण त्या आरशाला आधीच एक छोटा गणपती होता, खाली लिंबू-मिरचीची प्लॅस्टिकची माळ होती, आणि त्या दिवशी बायकोने प्रेमाने घातलेला शेवंतीचा हार. टॅग या सगळ्याच्या मागे श्रद्धेने उभा राहिला.

रात्री दहानंतर शेवटची आरती झाली. टाळ, घंटा, दोन मुलांचे ताशे, आणि कुणीतरी भारतातून आणलेली झांज. गाडी उचलून नेणारा टो ट्रक मागे येताना पीप पीप वाजतो म्हणे. आमच्या आरतीपुढे त्याची काय बिशाद! माणूस तिथे हजर असेल आणि गाडी ओढून नेण्याआधी हलवत असेल तर ती न्यायची नाही, थोडे पैसे घेऊन सोडायची, असा व्हर्जिनियाचा कायदा आहे. कायदा चांगला आहे. आम्ही तेव्हा डोळे मिटून उभे होतो.

गाडी नाही म्हटल्यावर मित्राला वाटलं चोरी. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, साध्या नंबरवर फोन लावला. टो करणाऱ्याने गाडी उचलल्याबरोबर पोलिसांना कळवायचं असतं, त्यामुळे तिकडच्या बाईंनी गाडीचा पत्ता क्षणात सांगितला. इतकं तत्पर सरकार पाहून मित्राचे डोळे भरून आले. मग त्याने विचारलं, "सोडवून देता का?" तर तुमच्या गल्लीचा रस्ता खासगी आहे, त्यात आम्ही पडत नाही, हॅव अ गुड नाइट.

टोवाल्याचं आवार डलस विमानतळाच्या पलीकडे. काचेच्या खिडकीआड एक तरुण. त्याने गाडीच्या नोंदणीचा कागद मागितला. कागद गाडीत होता. गाडी कुंपणाच्या आत होती. आत जायला कागद लागत होता. हे कोडं सुटायला बराच वेळ गेला. संध्याकाळी सातनंतरचा टो, त्यात शनिवार, म्हणून जादा आकार, असं त्या पोरानेच सांगितलं. आणि पहिल्या चोवीस तासांचं भाडं लागत नाही, हेही. वागायला अगदी सज्जन. त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही. पुण्यात गाडी उचलली तर माणूस टेंपोमागे पळतो, दोन पोरांशी झटापट करतो, हवालदाराला 'साहेब' म्हणतो, कुणाच्या तरी मेहुण्याचं नाव घेतो. दंड भरून घरी येतो तेव्हा निदान काहीतरी केल्याचं समाधान असतं.

सकाळी सासऱ्यांनी ही उणीव ओळखली. चहाबरोबर कोरा कागद घेतला, समास आखला आणि लिहिलं : 'प्रति, मा.' आणि माझ्याकडे बघितलं.

"कुणाच्या नावे करायचा?"

मी म्हटलं, काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सना करू. नऊ जण आहेत, आपल्या भागाचाही एक आहे. त्या कार्यालयातून उत्तर आलं, की टोचे दर आम्ही पाहतो, पण तुमच्या गल्लीतला टॅग हा तुमचा आणि असोसिएशनचा मामला. राज्याच्या रस्ते खात्याने कळवलं, की तुमच्या गल्लीचा रस्ता आमच्या यादीत नाही. असोसिएशनच्या मॅनेजमेंट कंपनीला मेल केला तर 'आपला मेल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असा मेल आला, आणि नंतर तोच पुन्हा आला. टोवाल्याने कराराची प्रत पाठवली. खाली सही असोसिएशनच्या अध्यक्षांची. अध्यक्ष आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. शनिवारी दर्शनाला आले होते आणि तुपाची धार घेऊन मोदक खाऊन गेले होते.

"म्हणजे सगळ्यांना अधिकार आहे आणि जबाबदारी कुणाचीच नाही," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात मला तक्रारीपेक्षा आदर जास्त वाटला. त्यांच्या खात्याला इतकी सफाई साधायला तीस वर्षं लागली होती.

शेवटी असोसिएशनची मासिक सभा. सभेत सभासदांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. आमच्याकडे तो माणशी तीन मिनिटं. सासरे सभासद नाहीत, म्हणून अर्ज मी वाचायचा. त्यांनी मजकुराला हात लावू दिला नाही. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' याचं इंग्रजी करता करताच माझं पहिलं मिनिट संपलं. तिसरं संपलं तेव्हा मी शेवंतीपर्यंत आलो होतो. खजिनदारबाईंनी घड्याळ दाखवलं. अध्यक्षांनी सहानुभूतीने विचारलं, तुमची सूचना काय?

मागच्या खुर्चीतून सासरे उठले. सभासद नसणाऱ्यांनी बोलायचं नाही हा नियम त्यांना कुणी सांगण्याआधीच ते फळ्यापाशी पोचले आणि खडू मागितला. मार्कर मिळाला. त्यांनी एका बाजूला पी-१ लिहिलं, दुसऱ्या बाजूला पी-२. सम तारखेला इकडे, विषम तारखेला तिकडे. लक्ष्मी रोडवर गाडी लावून ज्यांचा जन्म गेला त्यांच्यासाठी यात नवीन काय! पण सभा भारावली. एकाने फळ्याचा फोटो काढला. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येते, म्हणजे दोन विषम लागोपाठ, तेव्हा काय करायचं, यावर पंचवीस मिनिटं इतकी रंगतदार चर्चा झाली की सासऱ्यांना थेट स्थायी समितीची आठवण आली.

अभ्यासासाठी पार्किंग समिती नेमायचं ठरलं. निमंत्रक कोण, म्हटल्यावर सगळे आपापल्या फोनकडे बघू लागले. अध्यक्षांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. बायकोने माझा हात धरून वर केला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर असताना सासऱ्यांनी माझ्यासमोर अर्ज ठेवला. समास तोच, विषय तोच. 'प्रति, मा. निमंत्रक, पार्किंग समिती.' वर पोच देण्यासाठी दुसरी प्रतही जोडलेली होती.

"शिक्का नसेल तर नुसती सही चालेल," ते म्हणाले, "पण आवक क्रमांक टाका. आणि उत्तर पंधरा दिवसांत लेखी पाहिजे, जावईबापू. तोंडी चालणार नाही."