देशी पोलाद मोजायचं कुठून?

सुनील सरकारी कामं घेतो. परवा कट्ट्यावर आला तो तापूनच. "टेंडरमध्ये पोलाद देशीच हवं म्हणे. बाहेरचं स्वस्त मिळालं तरी हात लावायचा नाही. इथल्या कंपन्यांनी भाव वाढवले आणि भाववाढीचं कलम नसलं, की फरक माझ्या बोडक्यावर!"

महेश पोलाद लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये आहे, तो गप्प बसणार थोडाच. "पैसा जनतेचा आहे. पूल इथे, रूळ इथे, आणि भट्ट्या मात्र चीनच्या पेटायच्या?"

मी मध्ये तोंड घातलं. 2017 मध्ये केंद्राने हे धोरण आणलं तेव्हा अट होती किमान 15 टक्के मूल्यवर्धन देशात व्हायला हवं, एवढीच. समजा, बाहेरून आणलेली कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, कारखान्यात 80 रुपयांना पडली, तिला जस्ताचा मुलामा दिला आणि 100 ला विकली. झालं 20 टक्के. पत्रा देशी!

"म्हणून तर 2025 मध्ये नियम कडक केला," महेश म्हणाला. "आता नुसतं लाटून, मुलामा देऊन चालत नाही. पोलाद इथेच वितळवून ओतलेलं हवं."

"आणि भट्टीत लोखंड गाळायला लागणारा कोकिंग कोळसा? तो बहुतेक बोटीनेच येतो ना?" सुनीलने विचारलं.

"येतो. चांगला कोळसा जमिनीतच कमी, त्याला मिलवाला काय करणार?"

एवढा वेळ ऐकत बसलेले काका आता सरसावले. ते रेल्वेतून निवृत्त, त्यामुळे रुळांचा विषय त्यांचाच. म्हणाले, यात नवं काही नाही. टाटांचा कारखाना उभा राहण्याआधीच इंग्रज सरकारने कबूल केलं होतं, दहा वर्षं दरवर्षी 20,000 टन रूळ घेऊ. भाव मात्र आयात रुळांचाच. त्या भरवशावर 1912 मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघालं.

सुनील उसळला. "बघा! गिऱ्हाईक पक्कं, पण भाव बाजाराचा. मी दुसरं काय मागतोय?"

"काका, पुढचं पण सांगा की," महेशने टोकलं. "पहिल्या महायुद्धानंतर युरोपचं स्वस्त पोलाद येऊन पडलं आणि 1924 मध्ये संरक्षणाचा कायदा करावाच लागला. नुसत्या भरवशावर भट्टी चालत नाही."

काकांनी मान डोलावली. नेमकी कुणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

माझं मत सुनीलकडे झुकतं, पण एका ठिकाणी अडतं. 'विक्रांत' या विमानवाहू नौकेसाठी लागणारं खास पोलाद संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ आणि सरकारी पोलाद कंपनी सेल यांनी इथेच तयार केलं. असलं काम आज स्वस्त कोण देतो एवढंच बघून होत नाही. पण साध्या सळईला तोच न्याय लावायचा? तिथे ओझं कंत्राटदारावर, शेवटी पूल बांधून घेणाऱ्या पालिकेवर.

"बरं, वितळवलं कुठे, हे तपासणार कोण?" सुनीलचा खरा प्रश्न आता आला. "पुरवठादार स्वतःच लिहून देणार, माल देशी आहे."

"मालाच्या सर्टिफिकेटवर हीट नंबर असतो," महेश म्हणाला. "कुठल्या ओतातला माल, ते त्यावरून निघतं."

सुनीलने मोबाइलवर शेवटच्या मालाचं सर्टिफिकेट काढलं. कार्बन, मँगनीज, गंधक, ताणबळ, हीट नंबर, सगळं होतं. महेशने फोटो मोठा केला, चष्मा वर-खाली केला.

"हा नंबर बिलेटवाल्याचा, म्हणजे ज्याचे ठोकळे घेऊन पुढे सळई लाटली त्याचा," तो म्हणाला. "त्यालाच फोन करून विचारावं लागेल."

"मग कर," सुनील म्हणाला. "स्पीकरवर."