‘चहा-बिस्किटांची बैठक’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

भारत-युरोप व्यापार कराराच्या निमित्ताने एक मेसेज फिरतोय. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तो खरा मानून मला पाठवला, तेव्हा गप्प बसवेना. मेसेज म्हणतो: व्यापार करारावर दोन देशांच्या युनियन आणि मालकांची बोलणी म्हणजे चहा-बिस्किटं, त्यातून काही निघत नाही, तिथे मालक नसतातच, आणि परदेशी युनियनना आपले कारखाने बंद पाडायचे आहेत.

मालक नसतात हे धादांत खोटं. २०११ पासून लागू असलेला युरोपीय संघ आणि दक्षिण कोरियाचा व्यापार करार काढून बघा. दोन्ही बाजूंनी या बोलण्यांसाठी आपापला सल्लागार गट नेमायचा, त्यात उद्योग, कामगार आणि पर्यावरण संघटनांचा समतोल ठेवायचा, असं कलम १३.१२ सांगतं.

‘काही निघत नाही’ हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो पटला की कामगार आपली खुर्ची मागणंच सोडतो. कोरियाच्या युनियन कायद्यात एक कलम होतं: कामगार नसलेल्याला सभासद ठेवलं, तर ती युनियनच नाही. बडतर्फ माणूस कामगार धरला जात नसे. २०१३ मध्ये सुमारे ६० हजार सभासदांच्या शिक्षक संघटनेची मान्यता गेली, ती ९ बडतर्फ शिक्षकांपायी! २०१४ च्या जानेवारीत युरोपच्या सल्लागार गटाने युरोपियन कमिशनला, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाला लिहिलं, कोरियाशी औपचारिक वाटाघाटी सुरू करा. डिसेंबर २०१८ मध्ये त्या सुरू झाल्या. नियम असा, की ९० दिवसांत सुटलं नाही तर तज्ज्ञ मंडळ मागता येतं. ते जुलै २०१९ मध्ये मागितलं. जानेवारी २०२१ च्या निकालात कामगाराची अपुरी व्याख्या, बडतर्फांना बंदी आणि पदाधिकारी सभासदांतूनच निवडण्याची सक्ती, ही तिन्ही कलमं करारातल्या संघटना-स्वातंत्र्याच्या वचनात बसत नाहीत असं ठरलं. युनियन नोंदणीच्या मुद्द्यावर कोरियाचं म्हणणं मान्य झालं. एप्रिल २०२१ मध्ये कोरियाने आयएलओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे, २९ (सक्तीच्या मजुरीविरुद्ध), ८७ (संघटना-स्वातंत्र्य) आणि ९८ (संघटना आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क) क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय करार मंजूर केले.

एक मान्य करावं लागेल. या प्रकरणात दंड नाही, वाढीव शुल्क नाही, आणि पत्रापासून मंजुरीपर्यंत ७ वर्षं गेली. शिवाय तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी निवडणुकीतच ही मंजुरी कबूल केली होती. सगळं श्रेय बैठकांना देता येणार नाही. पण शुल्काचा बडगाच नाही, तर ‘कारखाने बंद पाडायला आलेत’ हा आरोप टिकतो कशावर? निकाल लागला तो कायद्यातल्या कलमांवर, कोणाच्या मालावर नाही.

हे बिघडतं ते गट नेमताना. यादी सरकार करतं. मर्जीतल्या संघटना भरल्या, प्रवासखर्च दिला नाही, की बैठक कागदावरच राहते. भारताने आयएलओचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार अजून मंजूर केलेले नाहीत. म्हणून आपल्या केंद्रीय कामगार संघटनांनी आत्ताच लेखी विचारावं: सल्लागार गटात कोण, निवड कशी, खर्च कोणाचा, आणि गटाच्या पत्राला किती दिवसांत उत्तर.