व्हिनेगरमध्ये विरघळलेला शिंपला परत मिळत नाही

‘दगडखाणीतून जीवाश्म गोळा करण्याची सोपी कृती’ या नावाचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: खाणीतला टाकाऊ दगड कोणाचाच नसतो, खुशाल उचला. दगडावर झाडासारखी काळी नक्षी दिसली की तो वनस्पतीचा जीवाश्म. घरचा हातोडा घेऊन फोडा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, वर वॉर्निशचा हात मारा, आयुष्यभर टिकेल. आणि शेवटी: हौशी माणसाला मिळतं ते शास्त्राच्या कामाचं नसतंच, तेव्हा नोंदीबिंदी करत बसू नका.

या कृतीची मूळ खोट अशी की तिने जीवाश्म म्हणजे दगडात अडकलेली वेगळी वस्तू असं गृहीत धरलंय. चुनखडकातल्या शिंपल्यांच्या बाबतीत तर जीवाश्म आणि भोवतालचा दगड बहुधा एकाच पदार्थाचे असतात. दगडाला जे मारतं ते त्यालाही मारतं.

‘व्हिनेगरने दगड विरघळतो आणि जीवाश्म उरतो.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून आधी तेच घेऊ. घरगुती व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं. ते कॅल्शियम कार्बोनेट खातं. चुनखडक कॅल्शियम कार्बोनेटचा, शिंपलाही त्याचाच, प्रवाळ आणि समुद्री अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचं कवचही त्याचंच. आम्लाला यातला फरक कळत नाही. आधी शिंपल्यावरच्या बारीक वाढरेषा जातात, मग कंगोरे बोथट होतात, सकाळी हाती येतो तो खडूसारखा पांढुरका गोळा.

आम्लाचा उपयोग होतो, पण जीवाश्म आणि दगड वेगवेगळ्या पदार्थांचे असतील तेव्हा. शिंपल्याची जागा सिलिकाने घेतली असेल, किंवा चुनखडकात माशांचे दात, हाडं अशा फॉस्फेटच्या गोष्टी असतील तर. तिथेही प्रयोगशाळेत ५ ते १० टक्के आम्लात आधी कॅल्शियम फॉस्फेट मिसळतात, म्हणजे हाडातलं फॉस्फेट कमी झिजतं. थोडा वेळ आम्ल, मग त्याच्या कितीतरी पट वेळ साधं पाणी, असे फेरे करावे लागतात. धुणं अपुरं राहिलं तर आत उरलेल्या क्षारांचे स्फटिक होतात आणि नमुना आतून फुटतो.

चाचणी मिनिटभराची आहे. त्याच दगडाचा तुटका, निरुपयोगी तुकडा घ्या. व्हिनेगरचा एक थेंब दगडावर, एक जीवाश्माच्या कपच्यावर टाका आणि दहापट भिंगातून पाहा. दोन्हीकडे बुडबुडे आले तर बाटली परत फडताळात. पानांचे ठसे ज्यात सापडतात त्या शेलवर, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पातळ थरांच्या खडकावर, बहुधा बुडबुडे येतच नाहीत, मग आम्लाचा फायदा शून्य. उलट त्यातल्या पाण्याने मातकट शेलचा चिखल होतो आणि पान त्यात जातं.

तारेच्या ब्रशचं लांबण लावायला नको. पोलाद कॅल्साइटपेक्षा (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजापेक्षा) बरंच कठीण, त्यामुळे नक्षी खरवडली जाते आणि वर धातूच्या करड्या रेघा उमटतात. टणक चुनखडकाला जुना मऊ टूथब्रश आणि साधं पाणी पुरतं. उरलेला दगड भिंगाखाली सुईने, टोक जीवाश्माकडे कधीही न रोखता काढायचा. एका संध्याकाळी बोटाच्या नखाएवढी जागा मोकळी झाली तर काम चांगलं चाललंय असं समजा.

‘काळी झाडासारखी नक्षी म्हणजे वनस्पती.’ फार वेळा ते डेंड्राइट असतं. दगडाच्या फटीत झिरपलेल्या पाण्याने मागे ठेवलेली मँगनीज किंवा लोहाची ऑक्साइडं अशी फांद्याफांद्यांनी पसरतात. दिसतात सुंदर, वनस्पतीशी संबंध नाही. भिंगातून तीन गोष्टी तपासा. मधली शीर आणि तिच्यातून ठरावीक कोनात निघणाऱ्या उपशिरा आहेत का? पानाला ठरलेली कड आहे, की नक्षी नुसती विरत गेलीय? आणि ती कोणत्या पृष्ठावर आहे? पान गाळाबरोबर आडवं पडलेलं असतं, म्हणून थराच्या पातळीतच मिळतं. डेंड्राइट थरांना छेदून जाणाऱ्या भेगेतही सापडतं, अनेकदा भेगेच्या कडेपासून आत वाढत गेलेलं.

‘घरचा हातोडा पुरे.’ सुताराचा हातोडा खिळ्यांसाठी असतो. दगडावर किंवा छिन्नीवर जोरात मारला तर त्याच्या तोंडाचा टवका उडू शकतो, आणि तो डोळ्याच्या दिशेनेही येतो. भूवैज्ञानिकांचा अखंड घडीव हातोडा आणि बंद कडांचा गॉगल हवाच. एका हातोड्यावर दुसऱ्याने कधीच मारू नये. शेल फोडायला जोर लागत नाही. पातळ, रुंद पात्याची छिन्नी थराच्या रेषेत धरून चारी बाजूंनी हलके ठोके द्यायचे, म्हणजे पुस्तकासारखं उघडतं. ठसा आणि त्याचा जोड, दोन्ही भाग ठेवा. पुष्कळदा एका बाजूला कार्बनचा थर आणि दुसऱ्या बाजूला शिरांची खूण राहते. शेल ओला निघाला तर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाला आणि काही दिवसांत सावकाश वाळू द्या. उन्हात ठेवलात तर त्याचे पापुद्रे सुटतात.

जीवाश्माभोवती घट्ट झालेल्या लोहयुक्त दगडी गोळ्यांना तर हातोडा लावायची घाईच नको. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मेझन क्रीकच्या गोळ्यांत सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीची नेच्यांसारखी पानं आणि मऊ शरीराचे समुद्री प्राणी आहेत. तिथले संग्राहक गोळे पाण्यात भिजवतात, गोठवतात, वितळू देतात, आणि ते आपणहून उकलेपर्यंत हाच फेरा चालू ठेवतात. घणाचा घाव बसला की गोळा आडवातिडवा फुटतो, प्राण्याच्या मधोमधसुद्धा.

‘वॉर्निश लावलं की आयुष्यभर टिकतं.’ वॉर्निश पिवळं पडतं, आकसतं आणि जाताना पृष्ठभागाचा पापुद्रा घेऊन जातं. ठिसूळ नमुन्याला पॅरालॉइड बी-७२ हे दाण्यांच्या रूपात मिळणारं अ‍ॅक्रिलिक राळ वापरतात: १०० मिलि अ‍ॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम. दाणे तळाशी टाकले तर गोळा होऊन बसतात, म्हणून मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत लटकवावेत. नमुना पूर्ण कोरडा हवा, नाहीतर पांढरी साय धरते. अ‍ॅसिटोन पेट घेतो, खिडक्या उघड्या ठेवा. याचा मोठा गुण असा की अ‍ॅसिटोननेच ते पुन्हा काढता येतं.

पायराइटचे (लोह-गंधकाच्या चमकदार खनिजाचे) सोनेरी अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखांचे जीवाश्म, असतील तर वॉर्निश नुसता दिलासा. पाण्याची वाफ त्यातून आत जातेच. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पायराइट भराभर गंजू लागतो, गंधकाम्ल तयार होतं, पांढरी-पिवळी भुकटी सुटते आणि खालचं लेबलही जळतं. असे नमुने हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, बाकीच्यांपासून वेगळे ठेवा.

‘टाकाऊ दगड कोणाचाच नसतो.’ असतो. ढिगातला दगडही मालकाचा, आणि जीवाश्मांबाबतचे कायदे देशागणिक वेगळे. लेखी परवानगी घ्या, आत जाताना आणि निघताना कार्यालयात सांगा, एकटे जाऊ नका. उभ्या कड्याच्या पायथ्याशी जायचंच नाही, पावसानंतर तर मुळीच नाही. साका, म्हणजे खाणीतला बारीक गाळ, साठलेली तळी वरून वाळलेली दिसतात, खाली माणूस रुतेल असा चिखल असतो.

आणि नोंदींबद्दल. खाणीचा कडा सतत मागे सरकतो. आज जिथे उभे आहात ती जागा काही महिन्यांत हवेत असते, त्यामुळे नुसते अक्षांश-रेखांश पुरत नाहीत. ओळखू येणाऱ्या एखाद्या थरापासून किती वर किंवा खाली ते लिहा. ढिगातून उचलला असेल तर ‘ढिगातून’ असंच लिहा, अंदाजाने थर ठोकून देऊ नका. तारीख लिहा. नमुन्याच्या मागे बी-७२ चा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वर आणखी एक हात.

हौशींचं काही कामाचं नसतं म्हणे. १९५६ मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीने इंग्लंडच्या चार्नवूड जंगलात पानासारखा ठसा पाहिला. इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच, असं शिक्षिकेने सांगितलं. पुढच्या वर्षी तिथल्याच खाणीत रॉजर मेसन या शाळकरी मुलाला तोच दिसला. त्याने त्यावर कागद ठेवून घासून छाप घेतला, आणि १९५८ मध्ये त्या कँब्रियनपूर्व (सुमारे ५४ कोटी वर्षांहूनही जुन्या काळातल्या) जीवाला चार्निया मेसोनाय हे नाव मिळालं. १९८३ मध्ये सरे परगण्यातल्या मातीच्या खाणीत विल्यम वॉकर या प्लंबरला डायनासोरची एक प्रचंड नखी सापडली. जागा माहीत असल्याने संग्रहालयाच्या लोकांनी तिथेच खणून सांगाड्याचा मोठा भाग काढला. तो बॅरिऑनिक्स वॉकरी. त्याच्या पोटाच्या जागी माशांचे खवले होते, जठरातल्या आम्लाने झिजलेले. हा प्राणी मासे खायचा, हे त्या खवल्यांवरून कळलं.