सैंधवात सोडियम नसतं?

गेले दोन-तीन महिने आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांमधून मिठाबद्दलचा एक निरोप फिरतोय. थोडक्यात तो असा: पांढरं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं, क्लोरीननं महायुद्धात माणसं मारली. पोटात पाणी असतंच, तिथे ही दोन्ही विषं सुटी होतात. वर कंपन्या त्यात सायनाइड आणि आयोडीन घालतात. सैंधवात मात्र सोडियम नसतं, पोटॅशियम असतं, शिवाय शरीराला लागणारी 84 मूलद्रव्यं असतात; म्हणून बीपीवाल्यांनी ते हवं तेवढं खावं.

मला तो दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याने पाठवला. ती 71 वर्षांची आहे, रोज सकाळी बीपीची गोळी घेते आणि हा निरोप आल्यापासून ताकातही चमचाभर सैंधव घालते. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे एकेक वाक्य धरून उत्तर देणं मला भाग आहे.

सोडियम पेट घेतं, हे खरं. प्रयोगशाळेत ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन विषारी, हेही खरं. 1915 च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने तो सोडला होता. पण हे गुण सुट्या मूलद्रव्यांचे आहेत आणि मीठ हे संयुग आहे. आवर्तसारणीत सोडियम 11 व्या घरात बसतं. त्याच्या सगळ्यात बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो देऊन टाकायची त्याला विलक्षण घाई असते. पाण्याशी जो भडका उडतो तो याच घाईचा. क्लोरीन 17 व्या घरात, त्याच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन, आठवा हवा असतो. मीठ तयार होतानाच ही देवघेव उरकलेली असते. सोडियमकडे आता दहा इलेक्ट्रॉन राहिलेत, निऑनसारख्या शांत वायूइतकेच. एकदा देणं फिटलं की तगादा कसला?

मग 'पोटात सुटी होतात' याचं काय? सुटे होतात ते आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेले किंवा घेतलेले अणू. पाण्यात मीठ विरघळलं की सोडियमचा धन आयन आणि क्लोरीनचा ऋण आयन वेगवेगळे फिरतात, पण वेगळं होणं म्हणजे मूळ रूपात परत जाणं नव्हे. परत जायचं तर सोडियमला तो इलेक्ट्रॉन जबरदस्तीने परत द्यावा लागतो. जबरदस्ती केवढी, ते बघायला लांब जायला नको. आपल्या बडोद्याजवळच्या रणोलीला मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन करतात. एक टन कॉस्टिक सोड्याला दोन हजार युनिटांहून जास्त वीज लागते, आणि तिथेसुद्धा सोडियम धातू हाती येत नाही, कारण पाणी आड येतं. धातू हवा तर वितळलेल्या मिठातून वीज न्यावी लागते आणि नुसतं मीठ वितळायलाच 801 अंश सेल्सिअस लागतात. उलट जठरातलं आम्ल बनतं ते याच क्लोराइडमधून, आणि मज्जातंतूंतून निरोप जातात ते याच सोडियम आयनांच्या येण्याजाण्यावर.

आता सायनाइड. पावसाळ्यात मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून काही मिठांत पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, लेबलवर 536 हा आकडा दिसतो. यातले सहा सायनाइड गट मधल्या लोखंडाला इतके घट्ट बांधलेले असतात की जठरातल्या आम्लाने ते जवळजवळ सुटत नाहीत. कढईतलं तेल 180 ते 200 अंशांपर्यंत जातं. हे संयुग फुटायला 400 अंशांच्या आसपास तापमान लागतं. शिवाय भारतात मर्यादा आहे किलोला 10 मिलिग्रॅम. दिवसाला 10 ग्रॅम मीठ खाल्लं, जे खरं तर जास्तच आहे, तरी पोटात जातं 0.1 मिलिग्रॅम. 60 किलो वजनाच्या माणसासाठी रोजची सुरक्षित मर्यादा दीड मिलिग्रॅम धरलेली आहे, म्हणजे पंधरापट. आणि नुसत्या नावालाच भ्यायचं असेल, तर आपल्यातले कितीतरी शाकाहारी लोक बी-12 ची जी गोळी घेतात, तिच्यात बहुधा सायनोकोबालमिन असतं. त्या नावातही सायनाइड आहेच.

आयोडीनबद्दल निरोप लिहिणाऱ्याला मी खरोखर माफ करू शकत नाही. आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवून दिलं की गलगंड हटतो. त्यावरून 1962 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. प्रमाण बघा: घरात येणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान 15 भाग आयोडीन असावं असा नियम आहे. 10 ग्रॅममधून मिळालं 150 मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाची रोजची गरज नेमकी तेवढीच. 80 वर्षांचा हिशेब केला तरी पाच ग्रॅम भरत नाही. साध्या सैंधवात हे बाहेरून घातलेलं नसतं, आणि कमी मीठ खाणाऱ्याला तर बिनआयोडीनचं मीठ मुळीच परवडत नाही.

84 मूलद्रव्यांचा दावा आवर्तसारणी समोर ठेवून तपासावा. एकूण मूलद्रव्यं 118. त्यांपैकी ज्यांचं निदान एक तरी स्थिर रूप आहे अशी फक्त 80. म्हणजे कुठल्याही दगडात 84 आहेत म्हटलं की त्यातली किमान चार किरणोत्सारी असणारच, शिवाय शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियमही आलीच. हे शरीराला 'लागतं' असं कोण म्हणेल? आपल्या वजनाचा सुमारे 99 टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, कॅल्शियम आणि फॉस्फरस या सहांचाच असतो. 84 ची जी यादी फिरते तिच्यात कित्येक नावांपुढे '0.001 पेक्षा कमी' असं लिहिलेलं असतं. मापनातली ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. स्वयंपाकघरातला काटा 1 ग्रॅमपासून पुढे मोजतो. त्यावर केशराची एक काडी ठेवा, काटा 0 दाखवेल आणि तुम्ही लिहाल '1 ग्रॅमपेक्षा कमी'. काडी काढून घ्या. तरी तेच लिहाल. म्हणजे '0.001 पेक्षा कमी' याचा अर्थ आहे असा होत नाही, सापडलं नाही एवढाच होतो. सैंधवाचा गुलाबी रंग लोहाच्या संयुगांचा, आणि सैंधव तर शेकडा पंच्याण्णवच्या वर सोडियम क्लोराइडच असतं.

शेवटचा दावा, सैंधवात सोडियम नसतं हा, सगळ्यात घातक. त्यासाठी मी रविवारी आत्याच्या स्वयंपाकघरात गेले. गॅसची ज्योत निळी, बारीक केली. स्टीलच्या चमच्याचं टोक ओलं करून साध्या मिठात टेकवलं आणि ज्योतीत धरलं: झगझगीत पिवळा रंग. दुसरा चमचा तिच्या सैंधवात: तसाच पिवळा. हा सोडियमचा रंग. पोटॅशियमचा रंग फिकट जांभळा असतो आणि सोडियम शेजारी असलं की तो झाकला जातो. पण मी तिला हेही सांगितलं की चिमूटभरापेक्षा कितीतरी कमी सोडियमनेही ज्योत पिवळी होते. तेव्हा 'आहे' एवढं कळलं, 'किती' ते नाही.

'किती' ते तिच्याच पाकिटाच्या मागे छापलेलं निघालं: 100 ग्रॅममध्ये सोडियम 38 ग्रॅम. शुद्ध मिठात 39 असतं, कारण सोडियमच्या अणूचं सापेक्ष वजन 23 आणि क्लोरीनच्या अणूचं 35.5, बेरीज 58.5. पोटॅशियम सैंधवात हजारात दोन-तीन भाग. दिवसभराच्या सैंधवातून जेवढं मिळेल, त्याच्या दहापट एका केळ्यात असतं. बाजारात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेली कमी सोडियमची मिठं मिळतात, ती वेगळी. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही घेऊ नयेत. एकादशीला सिंधालूण, म्हणजे हेच सैंधव, खायला माझी काहीच हरकत नाही, चवीलाही ते छान असतं. पण बीपीच्या हिशेबात ते मीठच.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आत्याने काटा काढला आणि तेवढं सैंधव वाटीत मोजलं. वाटीचा तळही झाकला नाही. "यात वरण, भाजी, ताक, सगळं?" तिने विचारलं.

"सगळं," मी म्हटलं. "लोणचं आणि पापडसुद्धा."

तिने बरणीतला मोठा चमचा काढला आणि तिथे हिंगाच्या डबीतला ठेवला.