सात दिवसांत काकाकुवा माणसाळत नाही

पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून ‘सात दिवसांत काकाकुवा हातावर’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. आमच्या घरी काकाकुवा आल्याचे कळताच तो मला चार जणांनी पाठवला आणि चौघांचाही हेतू चांगलाच होता. त्याचा सारांश असा : नव्या पक्ष्याला पहिले दोन दिवस उपाशी ठेवावे, म्हणजे तो आपणहून हातातून खातो; पंख छाटावेत, म्हणजे त्याला मालक कळतो; चावला तर चोचीवर टिचकी मारावी; ओरडला तर पिंजऱ्यावर चादर टाकावी; खायला सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, मिरची आणि दूध-पोळी द्यावी; तो तान्ह्या बाळासारखा असल्याने जितके कुरवाळाल तितके थोडेच; आणि पक्षी परदेशी असल्यामुळे कायद्याची भानगड नाही. यातली मिरची तेवढी बरोबर आहे. बाकीच्याची खबर घेणे आवश्यक वाटते, कारण यातल्या दोन चुका मी स्वतः करून बसलो आहे.

आमचा पक्षी मूळचा इंडोनेशियातल्या उत्तर मालुकू बेटांवर आढळणाऱ्या पांढऱ्या काकाकुव्याच्या जातीचा. तुरा उभारला की डोक्यावर पांढरी छत्री उघडल्यासारखी दिसते. त्याच्या आधीच्या मालकांना वयोमानाने त्याचे करणे झेपेना, म्हणून आषाढाच्या सुरुवातीला, ऐन पावसात, तो मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि त्याचे नाव आधीपासूनच ‘सरकार’ होते. कोल्हापुरात हे नाव बदलण्याचे काही कारण नव्हते.

उपाशी ठेवण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. या जातीचा पक्षी दिसतो मोठा, पण त्याचे वजन साधारण ५०० ते ६०० ग्रॅम भरते. बाकी सगळा पिसारा. पक्ष्यांच्या शरीरात अन्न फार वेगाने खर्च होते, आणि नवीन घरात आलेला पक्षी भीतीने आधीच कमी खात असतो. शिवाय आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभावच आहे. तो मलूल दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. अशा पक्ष्याला दोन दिवस उपाशी ठेवले, तर तो हातातून खाईल किंवा पिंजऱ्याच्या तळाशी बसेल, आणि यांतले काय होणार हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक लाकडी दांडी बसवली आणि रोज सकाळी न्याहारीआधी त्याचे वजन वहीत लिहीत गेलो. वजन दहा टक्क्यांनी घटले तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जायचे, हा नियम. प्रशिक्षणाला अन्न लागते हे खरे, पण त्यासाठी भूक लागत नाही, आवड लागते. अक्रोडाचा चिमूटभर तुकडा वाटीत कधीच द्यायचा नाही, तो फक्त शिकवतानाच मिळेल, एवढी व्यवस्था पुरते.

पंख छाटल्याने मालक कळतो, हे तर निव्वळ काहीतरीच आहे. छाटलेल्या पंखांनी पक्ष्याला एवढेच कळते, की घाबरल्यावर पळण्याचा मार्ग आता उरला नाही. उडता येईना की तो दगडासारखा खाली आदळतो आणि छातीच्या हाडाला इजा होते. अर्धवट छाटलेल्या पंखांनी वाऱ्यावर उचलला जाऊन उघड्या खिडकीतून गेलेले पक्षीही आहेत. म्हणजे सुरक्षिततेचीही खात्री नाही. आपल्या घरांतला खरा धोका छताचा पंखा हा आहे. आमच्या बैठकीत पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असते, आणि ती काढल्याखेरीज पंखा लागत नाही व पिंजरा बंद असल्याखेरीज चिकटपट्टी निघत नाही. उन्हाळ्यात याचा त्रास होणार आहे, हे मान्य.

आता चावण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण संदेशातला सगळा गैरसमज इथे एकवटला आहे. अकराव्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले होते आणि मला सरकार दाखवण्याची हौस आली. मी पिंजऱ्याचे दार उघडून हात पुढे केला. त्याने तुरा उभारला, शेपटीची पिसे पंख्यासारखी पसरली, डावीकडे-उजवीकडे झुलू लागला, चोच उघडून फुत्कारल्यासारखा आवाज केला. मी पाहुण्यांना म्हणालो, “बघा, खुशीत आला.” पुढच्या क्षणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसात त्याची चोच रुतली. दोन टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मला उमगले, की त्याने मला एकदा नव्हे, चार वेळा ‘नको’ म्हटले होते आणि चावा हे त्याचे पाचवे उत्तर होते.

तुरा उभारणे म्हणजे केवळ आनंद नव्हे. काकाकुवा आनंदात, उत्सुकतेत, भीतीत आणि रागात, अशा सर्व वेळी तुरा उभारतो. बाकीचे शरीर काय करते आहे, ते सोबत वाचावे लागते. गालांवरची पिसे पुढे येऊन खालची चोच झाकली गेली आणि एक पाय पोटाशी घेतला, तर तो निवांत असतो. झोपण्यापूर्वी तो चोचीवर चोच घासून बारीक करकर आवाज करतो, तीही समाधानाचीच खूण. शेपटी पसरून झुलणे, अंग ताठ करणे आणि फुत्कारणे या सूचना असतात. आता अशा पक्ष्याच्या चोचीवर टिचकी मारली तर काय होईल? चोच म्हणजे निर्जीव शिंग नव्हे. तिच्या आत हाड आणि नसा असतात, आणि चोच हाच त्याचा हातही असतो. टिचकीने त्याला दोन गोष्टी कळतात : माणसाचा हात दुखावतो, आणि इशारे देऊन उपयोग होत नाही. असा पक्षी पुढे इशारे देणेच सोडतो आणि सरळ चावतो. ‘हा अचानक चावतो’ अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्याकडे पक्ष्याला असेच ‘शिकवले’ गेले असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

आम्ही काय केले, तेही सांगतो. पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी पिंजऱ्यापासून दोन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत असे आणि त्याच्याकडे टक लावून पाहत नसे. समोर रोखलेले दोन डोळे शिकाऱ्याचे असतात. मग आइस्क्रीमची लाकडी काडी जाळीजवळ धरली. त्याने चोचीने तिला स्पर्श केला, की त्याच क्षणी “शाब्बास” म्हणायचे आणि अक्रोड द्यायचा. दोन-चार दिवसांत “शाब्बास” या शब्दाचा अर्थ त्याला कळला. मग काडी थोडी बाजूला नेली, की तो तिच्यामागे चालत येई. मग दाराबाहेरच्या दांडीवर. मग माझ्या मनगटापर्यंत. प्रत्येक वेळी पाचच मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि तो कंटाळण्यापूर्वी थांबायचे. त्याने पाठ फिरवली तर त्या दिवशीचा तास संपला. बेचाळिसाव्या दिवशी त्याने मनगटावर एक पाय ठेवला आणि मागे घेतला. तेव्हा तो अक्रोडाकडे नव्हे, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही पायांनी चढला. म्हणजे सहा आठवडे आणि एक दिवस, आणि हा पक्षी आधीच माणसांत वाढलेला होता.

ओरडण्याबाबत संदेशात एक अर्धसत्य आहे. चादरीचे काम रात्रीपुरते आहे. काकाकुव्याला दहा ते बारा तास शांत, अंधारी झोप लागते. पण दिवसा ओरडला म्हणून त्याला अंधारात कोंडणे ही शिक्षा आहे, आणि ती त्याला समजत नाही. हे पक्षी थव्याने राहणारे. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास एकमेकांना हाका मारणे त्यांच्या रक्तात आहे. आल्यानंतर चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका धापा टाकत जिना चढून आले आणि म्हणाले, “कुणाचं पोरगं रडतंय म्हणून आलो की वो मी!” त्यांना काही महिने कळ काढण्याची विनंती करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपण ओरडून गप्प करू पाहिले, तर त्याला वाटते थवा उत्तर देतो आहे. धावत गेलो, तर वाटते हाक पोचली. दोन्हींनी ओरडणे वाढते. आम्ही एक छोटी शीळ ठरवली. खोलीबाहेर जाताना ती घालायची, त्याने मऊ आवाजात साद दिली की लगेच उत्तर द्यायचे, आणि किंकाळीला काहीच उत्तर द्यायचे नाही. आता दिवसाचा आरडाओरडा बराच कमी झाला आहे. सूर्यास्ताची पंधरा मिनिटे मात्र आहेत तशी आहेत, आणि ती राहणारच.

आहाराचे थोडक्यात. सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही; केवळ त्यांच्यावर पोसलेले पक्षी यकृताच्या विकाराने जातात. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात शेंगदाण्यांना बुरशी धरते आणि तिचे विष डोळ्यांना दिसत नाही. दुधातली साखर पक्ष्यांना पचवता येत नाही. मिरची मात्र खुशाल द्यावी, कारण तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. लवंगी मिरची सरकार एखाद्या पाहुण्या जावयाच्या थाटात खातो. पण म्हणून आपली कांदा-लसूण चटणी लागलेली भाकरी देऊ नये. कांदा-लसणाने पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चहा, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो वर्ज्य. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. आमच्याकडे पुन्हा बिडाचा तवा आला. पेलेट (पक्ष्यांसाठीचे तयार गोळीखाद्य), गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला हा आताचा मुख्य आहार आहे, आणि बियांवरून तिथवर यायला दोन महिने लागले.

कुरवाळण्याचा सल्ला ऐकायला सर्वांत गोड आहे, आणि माझी दुसरी चूक तिथेच झाली. गणपतीला मुलगी पुण्याहून दहा दिवस आली होती. तोवर सरकार हातावर येत होताच. ते दहा दिवस तो तिच्या खांद्यावरून उतरलाच नाही. ती त्याच्या पाठीवरून आणि पंखांखालून हात फिरवी, आणि तो डोळे मिटून पडून राही. ती परत गेल्यावर दोन आठवडे तो दिवसभर किंचाळला आणि त्याने छातीवरची पिसे उपटायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितले, की पाठ, पोट आणि पंखांखालचा स्पर्श या पक्ष्यांत जोडीदाराचा स्पर्श ठरतो. त्याने विणीची संप्रेरके चाळवतात, आणि मग आक्रमकपणा, पिसे उपटणे, मादीत वारंवार अंडी घालणे, असे सर्व सुरू होते. स्पर्श डोके आणि मान एवढाच. शिवाय पहिल्या आठवड्यात जेवढा वेळ देता, तेवढाच तो पुढे कायम मागतो. म्हणून कमीपासून सुरुवात करणे हाच दयाळूपणा. आता तो दिवसाचे दोन तास एकटा राहतो आणि त्या वेळात नारळाच्या करवंट्या, पुठ्ठे आणि बाभळीच्या काटक्या फोडतो. एकदा माझी नवी कापशी चप्पलही फोडली.

राहिला कायदा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीतल्या परदेशी प्रजाती तिच्यामुळे या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. हस्तांतर, जन्म आणि मृत्यू हेही कळवायचे असते. दत्तक घेणे म्हणजे हस्तांतरच. त्यामुळे पक्षी आणण्यापूर्वी आधीच्या मालकाकडे नोंद आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा. (आपला हिरवा पोपट तर देशी असल्यामुळे १९७२ च्या कायद्याखाली पाळताच येत नाही, गल्लोगल्ली टांगलेल्या पिंजऱ्यांकडे पाहून हे कुणाला खरे वाटत नाही, एवढेच.)

हे कागद जपून ठेवण्याला आणखी एक कारण आहे, ज्याचा संदेशात उल्लेखही नाही. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला ‘कुकी’ नावाचा गुलाबी काकाकुवा २०१६ मध्ये मरण पावला तेव्हा ८३ वर्षांचा होता. एवढे आयुष्य सगळ्यांना मिळत नाही, पण चांगल्या निगराणीत चाळीस-पन्नास वर्षे या पक्ष्यांना अवघड नाहीत. माझे वय ५६ आहे. सरकारची नोंदणी, वजनांची वही आणि डॉक्टरांचा नंबर कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये आहे, हे मी दिवाळीला मुलीला दाखवून ठेवले, तिने फाईल उघडून पाहिली आणि विचारले, “शीळ कुठली ते लिहिलंय का यात?” ते लिहिलेले नव्हते. मग तिने तेव्हाच मोबाइलवर ती ध्वनिमुद्रित करून घेतली, आणि आतल्या खोलीतून उत्तर आले.