एन वजा एक

आमच्या घरात संख्याशास्त्राची पदवी एकट्या माझ्याकडं आहे, ही गोष्ट तीस वर्षं कुणाच्या ध्यानात नव्हती. माझ्यासुद्धा. पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, कारण तेव्हा सोलापूरची कॉलेजं तिकडं जोडलेली होती. इथलं विद्यापीठ २००४ साली झालं. पदवी घेतली, गुंडाळून नळीत घातली, नळी माळ्यावर टाकली आणि मी चादरीच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो. तिथं बेरीज-वजाबाकी सोडून काही लागत नाही. गिऱ्हाईक चादरीचा भाव पाडून मागतं, भावाचं वर्गमूळ काढून मागत नाही.

मंगळवेढ्याची माझी पुतणी बी.एस्सी.साठी आमच्याकडं राहायला आहे. मार्चमधल्या एका रविवारी, फरशीवर पाणी मारून आम्ही सगळे पंख्याखाली निपचित पडलेलो असताना ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"काका, तुम्ही स्टॅटवाले ना?"

तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं. मी उठून बसलो, बनियनवर शर्ट चढवला आणि म्हटलं, "आण की इकडं. त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं, ते रात्री दीडला कळलं.

गठ्ठ्यात गणित आणि संख्याशास्त्राचे मिळून चाळीस सरावप्रश्न होते. शेवटच्या पानावर उत्तरं. सगळं झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिसऱ्या पिढीपर्यंत येता येता आठाचा तीन झाला होता, सहाचं शून्य झालं होतं, आणि एका ठिकाणी दशांशचिन्ह आहे का माशी बसून गेली आहे यावर आमची दहा मिनिटं गेली. चष्मा पुसून झाला, मोबाइलची बॅटरी लावून झाली. शेवटी आईनं कागदावर बोट फिरवलं आणि "माशीच आहे" असा निर्णय दिला.

पहिले आठ प्रश्न पिशवीतल्या चेंडूंचे. पिशवीत पाच लाल, सात काळे, न बघता दोन काढले, परत ठेवले नाहीत. आमच्या वेळीही हेच चेंडू होते; इतक्या वर्षांत त्यांचा रंगसुद्धा उडालेला नाही. मी जन्मापासून सोलापुरात आहे. गड्ड्याच्या जत्रेत रिंगा टाकणारे पाहिले, छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडणारे पाहिले, पण डोळे मिटून पिशवीतून चेंडू काढणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. आणि काढलेला परत न ठेवणारा तर जत्रेत मार खाऊन घरी येईल.

चेंडू निभावले. मग उजळणीचा म्हणून एक अगदी बाळबोध प्रश्न: दहा फूट शिडी जमिनीशी ३० अंशांचा कोन करून भिंतीला टेकवली, तर तिचं टोक किती उंचीवर? हा मी तोंडी सोडवू शकलो असतो. पण पुतणीपुढं छाप पाडायची म्हणून तिचा कॅल्क्युलेटर घेतला, साइन ३० दाबलं, दहानं गुणलं. उत्तर आलं उणे ९.८८.

"म्हणजे शिडी जमिनीत गेली?" पुतणी.

"पावणेदहा फुटांच्या खाली," मी जरा विचार करून म्हणालो. "बोअरमध्ये सोडली असंल."

आई म्हणाली, "दहा फुटांवर कुठलं आलंय पाणी? शेजारच्यांना पाचशे फुटांवर धूळ लागली."

मग दहावीतला माझा मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "पप्पा, रेडियनवर आहे ते." कॅल्क्युलेटर त्या ३० ला अंश समजतच नव्हता, रेडियन, म्हणजे कोन मोजायचं दुसरं माप, समजून घेत होता; ते जवळजवळ पाच फेऱ्या मारण्याइतकं होतं. अंशावर आणल्यावर मुकाट पाच फूट आलं. त्या क्षणापासून घरात माझ्या शब्दाला जी किंमत राहिली, तीही उणेच होती.

पुढचा प्रश्न पॉयसाँचा, म्हणजे सरासरीवरून एखादी गोष्ट किती वेळा घडेल याची संभाव्यता सांगणाऱ्या सूत्राचा, आणि तो नेमका कापडावर. कापडाच्या एका नगात सरासरी दोन दोष असतात, तर एकही दोष नसलेला नग मिळण्याची संभाव्यता काय? मी म्हटलं, नग कशाला, चादर म्हण. 'ई' ही गणितातली २.७१८ च्या आसपासची ठरलेली संख्या; तिचा उणे दोनावा घात, ०.१३५३. हे मात्र पहिल्या फटक्यात जुळलं. मी आवाज चढवून उत्तर वाचलं, आणि चूक केली. आईनं पंचवीस वर्षं मागावर कांड्या भरल्यात.

"म्हंजे शंभरातल्या तेरा-चौदाच चांगल्या?"

"हो. सत्तावीस चादरीत एकेक दोष, अजून सत्तावीसमध्ये दोन-दोन..."

"असल्या मागाला कुलूप घाल म्हणावं. पोरीला काय शिकवालाय तुम्ही, चादर विणायला का चादर बुडवायला?"

ती चादर नाही, ते उदाहरण आहे, हे मी सांगून पाहिलं. उदाहरण म्हणून का असेना, सोलापुरी चादरीत सरासरी दोन दोष हे तिला मान्य झालं नाही. शेवटी 'दुसऱ्या गावची चादर' असं ठरल्यावर ती शांत झाली.

खरी लढाई प्रश्न क्रमांक सतराची. पाकिटावर १०० ग्रॅम छापलंय. पाच पाकिटं तोलली तर वजनं आली ९७, ९३, १००, ९५ आणि ९०. प्रमाण विचलन (वजनं सरासरीपासून साधारण किती पांगलीत ते) काढा आणि पाकीट छापल्याइतकं भरतं का ते तपासा. पाकीट कशाचं ते दिलेलं नव्हतं. मी शेंगाचटणीचं म्हटलं, म्हणजे सगळे लक्ष देतील.

सरासरी ९५. फरक २, उणे २, ५, शून्य, उणे ५. वर्ग करून बेरीज ५८. पाचानं भागलं, वर्गमूळ काढलं: ३.४१. मागं उत्तर: ३.८१.

परत केलं. ३.४१. पुतणीनं केलं. ३.४१. मुलानं मोबाइलवर केलं. ३.४१. मी म्हटलं झेरॉक्सच चुकलीय, चाराचा आठ झालाय. पुतणी म्हणाली, "इतका वेळ आठाचा तीन होत होता की ओ, आता उलटं कसं?" भास्कराचार्य आठवले. इसवी सन ११५० च्या 'लीलावती'त त्यांनी भुंगे घातलेत: थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलीन्ध्रावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, एक भुंगा हवेत भिरभिरतोय. उत्तर पंधरा भुंगे. अख्खे. तीन भुंगे आणि वर दशांश आठ-एक असलं काही आचार्यांनी कुणाच्या डोक्याला लावलं नाही.

साडेबाराला कॅल्क्युलेटरवर सिग्माची, म्हणजे प्रमाण विचलनाची, दोन बटणं दिसली. एकावर 'एन', म्हणजे जेवढे नग तोलले तेवढे, दुसऱ्यावर 'एन वजा एक'. तेव्हा माळ्यावरच्या नळीतली पदवी हळूच खाली आली. नमुना घेतला असेल तर पाचानं नाही, चारानं भागायचं! ५८ भागिले ४, साडेचौदा, वर्गमूळ ३.८१. मी ओरडलोच. बायको आतून म्हणाली, "काय झालं हो, पाणी आलं काय?"

"पण चारानं का, काका?" पुतणी.

हे 'का' आमच्या वेळी विचारायची पद्धत नव्हती. मी इकडंतिकडं बघितलं आणि मोरीतली बादली दिसली.

"हे बघ. नळाला पाणी आज-उद्याच्या हिशेबात नाही. टाकीत राहिल्यात दहा बादल्या, घरात माणसं पाच. सरासरी दोन, ती ठरलेली. आता पहिल्या चौघांनी किती घ्यायचं?"

"किती पण."

"बरोबर. कुणी तीन घेईल, कुणी दीड. चौघं मोकळे. पण पाचव्याला?"

"उरलेलं."

"त्याला निवडच नाही. त्याचं पाणी आधीच्या चौघांनी ठरवून टाकलंय. सरासरी एकदा धरली की पाच फरकांतला शेवटचा बांधलेला असतो. खरी माहिती चौघांचीच, म्हणून भागायचं चारानं. ह्याला म्हणतात डिग्री ऑफ फ्रीडम."

पुतणी माझ्याकडं असं बघत होती की मला पदवी पुन्हा एकदा मिळाल्यासारखं वाटलं. सपाट्यात टी-चाचणी, म्हणजे सरासरीतला फरक खरा का योगायोगाचा ते बघायची चाचणी, करून टाकली. टी आला उणे २.९४, टेबलात चार डिग्रीला ५ टक्के पातळीवर २.७७६. उणे चिन्ह सोडलं तर आपला आकडा मोठा, म्हणजे पाकीट कमी भरतं. दुकानदार चोर.

"पाच पाकिटं तोलून?" आई अजून जागी होती.

"चुकायची शक्यता ५ टक्के ठेवलीय, आजी," पुतणी म्हणाली.

"अन् चूकच नको म्हटलं तर?"

पुतणीनं १ टक्क्याचा रकाना बघितला. ४.६०४. आता आपला आकडा लहान पडला. चोरी सिद्ध होत नाही. तोच दुकानदार, तीच पाच पाकिटं, ५ टक्क्यांना चोर आणि १ टक्क्याला सज्जन. आई म्हणाली, "मग टक्का कोण ठरवतंय?" मी म्हटलं, प्रश्न काढणारा. "बरं बरं," असं ती म्हणाली, ज्या सुरात ती निवडणुकीचे निकाल ऐकते त्या सुरात.

विषय बदलावा म्हणून मी या चाचणीची गोष्ट सांगितली. हिला 'स्टुडंट'ची टी-चाचणी म्हणतात, पण स्टुडंट कुणी विद्यार्थी नव्हे. विल्यम गॉसेट नावाचा डब्लिनच्या गिनेस कारखान्यातला नोकर. तिथं जवाचे वगैरे नमुने थोडेच हाताशी असायचे, आणि थोड्या नमुन्यांवरून भरवशानं बोलायचं कसं हा त्याचा रोजचा पेच. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावानं छापू द्यायची नाही, म्हणून १९०८ साली त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं लेख छापला. तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी ह्या विद्यार्थ्याच्या नावानं बोटं मोडतात.

"कारखाना कशाचा म्हणालास?" आईनं विचारलं. गळ्यात तुळशीची माळ.

मी 'जवाचा' म्हणालो. मुलगा मोबाइलमधून म्हणाला, "बिअरचा."

पुढचं लिहीत नाही. तेवीस प्रश्न राहिले होते, ते तसेच राहिले, आणि झोपायला पावणेदोन वाजले.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन गॅलरीत उतरलेलं. नळ कोरडा. आई, बायको, मुलगा, पुतणी सगळे न्हाऊनमाखून पोहे खात बसलेले. मी टॉवेल खांद्यावर टाकून मोरीत गेलो, टाकीची तोटी पूर्ण सोडली. आधी धार आली, मग करंगळीएवढी झाली, मग टिपटिप. बादलीच्या बुडाशी जेमतेम चार तांबे.

"पाणी कुणी संपवलं रे?" मी आतूनच ओरडलो.

बाहेर बराच वेळ फक्त चमचे वाजत होते. मग पुतणीचा आवाज आला, "काका, आजीनं तीन घेतल्या, काकूनं अडीच, मी दोन, दादानं सव्वादोन. तुमचं तेवढं विचारू नका, ते आमच्यावरनंच निघतंय!"